एकच रांजण



आपल्या शेगाव तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात विहिरीला पाणी लागले तरी ते पिता येईलच असे नाही. गोड्या पाण्याची किंमत इथल्या आयाबायांना विचारावी. त्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरून वाहिले आहे. त्यामुळे आपल्याकडे कुणाला पाणी देणे ही नुसती रीत नाही. ते घरातले काहीतरी मोलाचे काढून देणे आहे. म्हणूनच कोण कुणाला कसे पाणी देतो, यावरून माणसाची पारख होते.

वैशाखाच्या उन्हात कुठल्याही शेतावर जाऊन पाहा. निंबाच्या सावलीत रांजण असतो. मालक आला की तांब्या घासून, विसळून, भरून त्याच्या हातात येतो. सोयरा आला तर आधी गूळ, मग पाणी. आणि वखर सोडून घामाघूम झालेला सालदार आला की कुणीतरी वरून धार धरते आणि तो ओंजळ पुढे करतो. रांजण एकच, पाणी एकच, तहानही एकच. पण पाणी देण्याच्या पद्धती तीन!

"आता तसे काही राहिले नाही हो," असे आपण म्हणतो. पुष्कळ बदलले, हे खरे आहे. आपल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ मध्ये तिच्याविरुद्ध कायदा झाला. तरीही काही घरांच्या वळचणीला खोचलेली एक वेगळी कपबशी अजून दिसते. ती कुणासाठी आहे, हे त्या घरातल्या पाच वर्षांच्या पोरालासुद्धा ठाऊक असते. त्याला ते कुणी शिकवले? कुणीच नाही. त्याने पाहिले आणि तो शिकला.

मी कृषी विस्तार अधिकारी. धर्माने ख्रिस्ती. आपल्या वाचकांतले बहुतेक जण माळकरी, वारकरी, महाराजांचे भक्त आहेत. कित्येक जण बाबासाहेबांच्या वाटेने गेलेले आहेत. कुणी नमाजी आहेत. सर्वांशी सारख्या मायेने आणि सारख्या मानाने वागावे, ही शिकवण कुणा एका धर्माची मिरास नाही. पण ख्रिस्ती माणसाला ती कशी सांगितली आहे, आपल्याच महाराष्ट्रात ती कुणी पाळून दाखवली आणि आम्ही तिथे कुठे उणे पडलो, हे सांगावे म्हणून हा लेख. कुणी धर्म बदलावा असा त्यामागे हेतू नाही. चांगले बियाणे शेजारच्या शिवारात दिसले तर कास्तकार बांधावर उभा राहून ते पाहतोच. तेवढ्याच नजरेने हे पाहावे.

विहिरीवरचे मागणे

बायबलात योहानाच्या शुभवर्तमानात एका विहिरीची गोष्ट आहे. भर दुपारची वेळ. येशू प्रवासाने थकून शोमरोन प्रांतातल्या एका विहिरीच्या काठावर बसला आहे. तिथे एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोनी लोकांना हलके समजत, त्यांच्याशी भांड्याचा व्यवहार ठेवत नसत. त्यात ती बाई, आणि तिच्या चालीबद्दल गावात बोलवा असलेली. येशू तिला उपदेश करीत नाही. तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. बाई चकित होते. तू यहुदी असून माझ्या हातचे पाणी कसे मागतोस, असे ती विचारते.

यातली खुबी लक्षात घ्या. पाणी देणारा नेहमी वरचा आणि घेणारा खालचा, अशी आपली समजूत. इथे येशूने ती उलटी केली. ज्या हाताला जग विटाळ मानत होते, त्या हातापुढे त्याने आपली ओंजळ धरली. दया दाखवणे सोपे आहे, कारण दया दाखवताना आपण वरच राहतो. त्याच्या हातचे घेणे अवघड, कारण त्यात आपल्याला खाली उतरून शेजारी बसावे लागते.

याच गोष्टीने आपल्या महाराष्ट्रातल्या एका थोर बाईचे आयुष्य बदलले. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

केडगावची शेती

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवले, हाच त्या काळी अपराध ठरला. घरदार सोडून हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत राहिले. दक्षिणेतल्या दुष्काळात १८७४ च्या सुमारास आई, वडील आणि थोरली बहीण काही काळाच्या अंतराने गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी १८७८ मध्ये रमाबाईंची विद्वत्ता पाहून त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. पुढे भाऊ गेला. लग्न झाले आणि दोनच वर्षांत पतीही गेले. पदरात एक लहान मुलगी, मनोरमा.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनमधल्या फुलहॅम भागात वाट चुकलेल्या बायांसाठी चालवलेले एक घर त्यांनी पाहिले. ज्या बायांना आपल्याकडे दारातही उभे करत नसत, त्यांची तिथे ख्रिस्ती बहिणी मायेने आणि मानाने सेवा करीत होत्या. असे का, म्हणून रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना विहिरीवरच्या त्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. ही गोष्ट आपल्या मनात कशी रुतून बसली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी 'शारदा सदन' काढले; पुढल्या वर्षी ते पुण्याला नेले. ही शाळा मुख्यतः वरच्या जातींतल्या विधवा मुलींसाठी होती आणि त्यांना आपापले सोवळे, आपापले जेवणखाण पाळण्याची मुभा होती. पहिल्या मुलींत गोदूबाई होत्या; त्याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. मुलींच्या धर्मांतरावरून १८९३ मध्ये मोठा गदारोळ झाला, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाईंनी काम सोडले नाही.

इथे शेतकऱ्याने कान द्यावा असा भाग सुरू होतो. संस्था कायम दुसऱ्याच्या देणगीवर चालू नये, म्हणून रमाबाईंनी पुण्याच्या पूर्वेला केडगाव इथे सुमारे १०० एकर माळजमीन घेतली. फळबाग लावावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवावी, असा हिशेब होता. तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून भुकेने मेल्यागत झालेल्या मुलींच्या बातम्या येऊ लागल्या. उपाशी पोटाने रानोमाळ फिरणे काय असते, हे रमाबाईंनी भोगलेले होते. त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुली व बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे दिवस होते, म्हणून या सर्वांना केडगावच्या शेतावर नेले. तिथेच 'मुक्ती' उभी राहिली. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि तिथल्या माणसांची संख्या दीड हजाराच्या वर गेली.

आता विचार करा. शारदा सदनात सोवळ्याची सोय होती. केडगावात कोणाचे सोवळे आणि कोणाचे ओवळे? दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरीची जात विचारायला वेळ कुणाला होता? ब्राह्मणाची विधवा, कुणब्याची पोर, अस्पृश्य मानलेल्या घरातली अनाथ मुलगी, सगळ्या एका पंगतीला आल्या. बागेला आणि प्यायला पाणी हवे म्हणून विहिरी खोदल्या गेल्या, आणि त्या विहिरींवर जातीचा पहारा नव्हता. आंधळ्या मुलींसाठी वेगळे सदन निघाले. मनोरमाबाईंनी बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकून त्यांना वाचायला शिकवले. समाजाने टाकलेल्या बायांसाठी 'कृपा सदन' निघाले. शेती, गुरे, माग, तेलघाणा, छापखाना, सगळीकडे या मुलीच राबत आणि शिकत.

रमाबाईंनी त्यांना नुसते जेवू घातले असते, तर ती दया झाली असती. त्यांच्या हाती हुन्नर दिला, हा मान झाला. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून सारे बायबल मराठीत आणले, तेही अडाणी बाईला कळेल अशा सोप्या मराठीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. केडगावची संस्था आजही चालू आहे.

सोवळे सुटते कसे?

कुणी म्हणेल, रमाबाई थोरच होत्या. आपण साधी माणसे. साध्या माणसाची गोष्ट हवी असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची पाहावी. त्यांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचे सोवळे इतके कडक, की घरात येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू धुऊन घ्यावी लागे. अशा घरात वाढलेल्या बाईचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. परत नांदायला आल्या तेव्हाही त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. मग हळूहळू, एकेक गाठ सुटावी तसे ते सुटत गेले, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे हसत-खेळत, स्वतःलाही न सोडता सांगितले आहे.

यातून आपण काय घ्यायचे? रक्तात मुरलेली सवय एका रात्रीत जात नाही, पण जाते. जमिनीत मुरलेला हरळीचा गड्डा एका वखरणीने निघत नाही, म्हणून कुणी शेत टाकून देत नाही. पाळी घालत राहावी लागते. टिळकांनी तर १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बसू शकत. दार सर्वांना उघडे.

सरवा ठेवणारा कास्तकार

बायबल हा मोठा शेतीवाडीचा ग्रंथ आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल. त्यात लेवीय नावाचे एक पुस्तक आहे. त्याच्या १९ व्या अध्यायात शेतकऱ्याला दिलेले हुकूम आहेत. पीक कापताना शेताच्या कडा अगदी कोरून कापू नका. खाली पडलेला सरवा स्वतः वेचू नका. तो गरिबाला आणि परगावच्या माणसाला राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. आणि याच अध्यायात, थोडे पुढे, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा येते. म्हणजे प्रीतीची ती मोठी आज्ञा आभाळातून पडलेली नाही. ती सरवा, बांध आणि मजुरी यांच्या शेजारीच बसलेली आहे.

रूथ नावाच्या पुस्तकात हे घडताना दिसते. रूथ ही तरुण विधवा, मवाब देशाची, म्हणजे परकी. सासूला घेऊन ती बेथलेहेमला आली आणि सातूच्या कापणीत सरवा वेचायला एका शेतात शिरली. शेताचा मालक बवाज. तो शेतावर येतो तेव्हा आधी मजुरांना देवाचे नाव घेऊन रामराम करतो. मजूर उलट आशीर्वाद देतात. ही परकी पोर कोण, असे तो विचारतो. पण हाकलण्यासाठी नव्हे. तो तिला सांगतो, तहान लागली तर माझ्या गड्यांनी भरून ठेवलेल्या भांड्यांतलेच पाणी पी. गड्यांना बजावतो, हिला कुणी हात लावायचा नाही, कुणी बोलायचे नाही. दुपारी तिला कापणी करणाऱ्यांच्या पंगतीत बसवतो. आणि गड्यांना हळूच सांगतो, पेंढीतल्या काही ओंब्या मुद्दाम सोडा, तिला वेचू द्या.

शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. बवाज तिला पायली भरून धान्य देऊन वाटेला लावू शकला असता. पण मग ती भिकारीण झाली असती. ओंब्या सोडल्या, म्हणून ती आपल्या कष्टाचे वेचून घरी गेली. गरज भागली आणि मानही राहिला.

बंधूंनो, आपल्याकडे सीतादहीच्या दिवशी कपाशीच्या पहिल्या वेचणीला दहीभात शिंपडतो. काळ्या आईचा मान ठेवतो. त्याच आईच्या अंगावर ओणवी होऊन कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी मात्र आठवड्याच्या बाजारापर्यंत, कधी कापूस विकेपर्यंत ताटकळते. वेचणीच्या हंगामात "ये माय, ये बाई" आणि हंगाम सरला की ओळख नाही. गरज सरो, वैद्य मरो! मजुराची अडवलेली मजुरी शेतातून देवाकडे ओरडते, असे याकोबाच्या पत्रात आहे. ते मालकांना उद्देशून आहे, आणि मालक म्हणजे आपणही, मग जमीन दोन एकर का असेना.

मजुरीबरोबर जिवाचाही विचार करावा लागतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत मजूर होते, स्वतः राबणारे शेतकरीही होते. फवारणीचा हातमोजा, तोंडाला बांधायचा रुमाल, डोळ्यांचा चष्मा, अंगभर कपडा आणि काम झाल्यावर साबण-पाणी, हे सारे मजुराला देणे मालकाचे काम आहे. एक साधी कसोटी सांगतो. ज्या धारेत, ज्या वाऱ्यात तुम्ही आपल्या पोराला पंप देऊन उभे करणार नाही, तिथे दुसऱ्याच्या पोराला उभे करू नका. सर्वांना सारखे मानणे म्हणतात ते हेच.

खुर्ची कुणाला, सतरंजी कुणाला?

याच याकोबाच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, एक सभा रंगवली आहे. सभेत दोघे येतात. एकाच्या बोटात सोन्याची अंगठी, अंगावर उंची वस्त्र. दुसरा मळक्या कपड्यांतला. पहिल्याला सगळे म्हणतात, या, इथे चांगल्या जागी बसा. दुसऱ्याला म्हणतात, तू तिथे उभा राहा, नाहीतर इथे खाली पायाशी बस. असे करणारा माणूस देवाच्या आज्ञेचा गुन्हेगार ठरतो, असे याकोब स्पष्ट बजावतो.

आमच्या खात्याच्या कितीतरी सभा मी पाहिल्या. गावोगाव हाच प्रकार असतो. खुर्च्या आधी कुणासाठी मांडल्या जातात, सतरंजीवर कोण बसते आणि भिंतीला टेकून बाहेर कोण उभे राहते, हे सांगायला नको. शेतीखात्याचा माणूस गावात आला की त्याला सडकेला लागून असलेले, पाण्याखालचे, मोठ्या कास्तकाराचे शेत दाखवले जाते. आडवाटेच्या दीड एकरवाल्याकडे जायला गाडीरस्ता नसतो. निंदणी, खुरपणी, वेचणी बाया करतात. कीड आधी त्यांच्या नजरेला पडते. पण शेतीचे शिक्षण सातबाऱ्यावर नाव असलेल्या पुरुषाला! अलीकडे शेतीशाळा आल्या. पिकाच्या कडेला सगळे गोल बसतात, पान उलटून कीड मोजतात. गोलात पुढचा-मागचा कुणी नसतो. माझा अनुभव असा, की अशा गोलात मजूर बाई एकदा बोलती झाली की मोठमोठ्या कास्तकारांनी वही काढावी असे सांगून जाते.

सॅम हिगिनबॉटम नावाचे एक मिशनरी १९०३ मध्ये भारतात आले. अलाहाबादच्या मिशन कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवत आणि जवळच्या नैनी इथल्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमाची देखभाल करत. खेड्यांतले दारिद्र्य पाहून त्यांना वाटले, या लोकांना पुस्तकी अर्थशास्त्र काय कामाचे? म्हणून त्यांनी परत जाऊन शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले आणि यमुनेकाठी शेतीची संस्था उभारली. १९१० मध्ये सुरू झालेल्या त्या संस्थेचे आज विद्यापीठ झाले आहे. ज्याच्याकडे जायचे त्याच्या कामाचे आधी शिकावे, हा त्या माणसाचा मोठेपणा. शेतकऱ्याला मान देणे म्हणजे त्याला हार घालणे नव्हे. त्याच्या मातीचे आपण शिकून घेणे.

आधी आपल्या घरात

लेकी बोले सुने लागे, असे होऊ नये; म्हणून आता ख्रिस्ती घराविषयी. ख्रिस्ताच्या नावाने सगळे एक झाले, असे आम्ही म्हणतो. पण चर्चच्या पायरीशी चपला काढल्या तशी जात काढून ठेवली गेली, असे नेहमी झाले नाही. देशात अनेक ठिकाणी चर्चमध्ये बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या, काही ठिकाणी स्मशानेही वेगळी. आजही मुलीसाठी स्थळ पाहताना कुठलासा मामा कुजबुजतो, "मूळचे कोण?" ज्या प्रभूचे नाव घेतो त्याने परक्या बाईच्या हातचे पाणी मागितले, आणि आम्ही सोयरीक करताना तीन पिढ्यांमागचे गाव शोधतो! हे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात झाले. दुसऱ्याला सांगण्याआधी ख्रिस्ती माणसाने हा तण स्वतःच्या वावरातून काढला पाहिजे.

आणि नम्रतेने हेही म्हटले पाहिजे, की शिकायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. शेगावात २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज पहिल्यांदा लोकांना दिसले, ते फेकलेल्या पत्रावळींतली शिते वेचून खाताना. दासगणूंच्या पोथीत अकोटजवळच्या अकोलीची कथा आहे. भर उन्हात महाराजांनी शेतात राबणाऱ्या भास्कर पाटलांकडे पाणी मागितले. पाटलांनी नागव्या, धडधाकट माणसाला पाणी कशाला द्यावे म्हणून झिडकारले. महाराज कोरड्या पडलेल्या विहिरीकडे गेले आणि तिला पाणी आले, अशी ती कथा. पाटील पुढे त्यांचे भक्त झाले. शेकडो पोथ्यांतून ही कथा घरोघर वाचली जाते. शोमरोनातली विहीर काय, अकोलीची विहीर काय, दोन्ही ठिकाणी पाणी मागणारा कोण होता, हे तिथल्या माणसांना आधी कळले नव्हते. आपल्यालाही कळत नसते. संस्थानात गावोगावचे सेवेकरी मोबदला न घेता राबतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला 'माऊली' म्हणतात. लाखाची देणगी देणारा आणि अनवाणी आलेला, दोघेही माऊली. हा एक शब्द शेगावातून आपल्या शेतापर्यंत नेता आला तर?

विधवेचा मान

रमाबाईंनी काम सुरू केले ते विधवांसाठी. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. आपल्या वऱ्हाडात कर्जापायी नवरा गमावलेल्या शेतकरी बहिणी गावोगाव आहेत. त्या वखर धरतात, पोरे शिकवतात, सोसायटीचे हप्ते फेडतात. पण हळदीकुंकवाला त्यांना बोलावणे नसते, पोराच्या लग्नात त्यांनी मागे उभे राहायचे असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले. ठराव चांगलाच. पण ठराव कागदावर राहतो. माणूस शेजारच्या घरात राहतो. तिला सणाला पहिले बोलावणे आपल्या घरून गेले, तर ठराव गावात उतरला असे म्हणता येईल.

करायचे काय?

दर आठवड्याला या पानांवर आपण खताच्या मात्रा आणि फवारणीच्या वेळा वाचतो. तशीच ही काही साधी कामे. यांना पैसा लागत नाही.

पहिले, वळचणीची कपबशी काढून टाका. घरात जितक्या कपबश्या आहेत त्या सर्वांच्या. शेतावर एक रांजण, एक तांब्या. मालकाला आणि मजुराला तोच.

दुसरे, हाक सुधारा. साठीच्या सालदाराला घरातले शेंबडे पोर "ए गण्या" म्हणते आणि आपण ऐकून घेतो. त्याला 'गणूभाऊ' म्हणा, 'बुवा' म्हणा. मजूर बाईला 'मावशी' म्हणा, 'बाई' म्हणा. मराठीत एक 'अहो' बोलायला काहीच लागत नाही. पोर आपले ऐकूनच शिकणार.

तिसरे, मजुरी संध्याकाळच्या आत द्या, आणि त्याच कामाला बाईला पुरुषाइतकी द्या. समान मजुरीचा कायदा १९७६ मध्येच झाला. गावात मात्र तो पूर्ण पोहोचायला अजून आपलीच वाट पाहत आहे.

चौथे, लग्नकार्यात मजुरांना शेवटच्या पंगतीला ठेवू नका. येशूने तर सांगितले, की जेवण कराल तेव्हा परतफेड करू शकणाऱ्या धनवान शेजाऱ्यांना बोलावू नका. गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलावा. एवढे जमले नाही तरी निदान पहिल्या पंगतीत त्यांची पाने मांडावीत, आणि वाढायला घरच्यांनी उभे राहावे.

पाचवे आणि सर्वांत अवघड, कधीतरी त्यांच्या दारी जा. नुसते कामाला बोलवायला नव्हे. आजारपणात, बारशाला, दुखवट्याला. बाज टाकतील त्यावर बसा, आणि पाणी विचारले तर "आता नको" म्हणून टाळू नका. मागून घ्या आणि प्या. तुमच्या घरी त्यांना कितीही चांगले वागवले तरी त्यांच्या मनात एक शंका उरते. त्यांच्या हातचे पाणी तुम्ही प्यालात की ती जाते.

पेरणीच्या वेळी आपण तिफणीच्या प्रत्येक नळ्यातून सारखे बी पडते की नाही, हे वाकून वाकून पाहतो. एक नळा तुंबला तर ती ओळ वर्षभर रिकामी दिसते आणि येणारा-जाणारा बोट दाखवतो. आपल्या मायेचे नळेही असेच एकदा वाकून तपासावेत. कोणती ओळ रिकामी जाते आहे, हे आपले आपल्याला कळते. हंगाम अजून गेलेला नाही. येत्या सोमवारी मजूर शेतावर येतील, तेव्हा रांजण भरून ठेवा आणि तांब्या एकच ठेवा.